शंभराच्या खालचे नंबर

“पण का, चाचा? सहा आठवडे झाले. त्या खोलीची किल्ली मला अजून का मिळत नाही?”

हमजाचाचा परकार बशीतला कोरा चहा फुंकत होते. त्यांनी फुंकणं थांबवलं नाही.

“खोलीत काय आहे?”

“राउटर.”

“तो तुझ्याशी बोलणार आहे?”

“त्याच्याशी बोलायलाच शिकलेय मी! चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली. कशासाठी?”

“मग बोलशील,” चाचा म्हणाले. “घाई काय...”

शाल्मली नाखरेच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

खाडीकाठचं ते साठ खाटांचं धर्मादाय रुग्णालय. जांभ्या दगडाची लांबट, बैठी इमारत, मागे फणसाची दोन झाडं आणि त्यापलीकडे लाँचचा धक्का. हमजाचाचा बावीस वर्षं इथल्या तारा सांभाळत होते. त्याआधी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. लाइन बंद पडली की रिसीव्हर कानाला लावून कुठल्या खांबावर पाणी शिरलंय ते हा माणूस सांगतो, अशी त्यांची गावात ख्याती. शाल्मलीला ही निव्वळ थाप वाटायची.

वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून ती पुणं सोडून परत आली होती. रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. वर्तकबाईंनी तिला लगेच ठेवून घेतलं. “चाचा पुढच्या वर्षी काम सोडणार आहेत,” त्या म्हणाल्या होत्या. “तोवर त्यांच्या हाताखाली शीक.”

आणि चाचांनी शिकवलं काय? तर पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं.

“रोज सकाळी सगळं हॉस्पिटल फिरून ये. जिथं यंत्र आहे तिथल्या माणसाला विचार, काल कसं होतं. मग मला येऊन सांग.”

झालं. सहा आठवडे हेच.

ती जायची. दारातून डोकं आत घालायची, “सगळं चालू ना?” म्हणायची आणि उत्तर यायच्या आत पुढच्या दाराशी पोचलेली असायची. आतून पाठीमागून हमखास एक प्रश्न यायचा.

“चाचा नाही आले?”

या प्रश्नाचा तिला जितका संताप यायचा तितका दुसऱ्या कशाचाच येत नसे. इतकी शिकलेली मुलगी समोर उभी आहे आणि हे लोक त्या अकरावी नापास म्हाताऱ्याची वाट बघतायत!

परत आली की चाचा विचारायचे, “काय ऐकलंस?”

“सगळं चालू आहे.”

“अच्छा.”

बस. तो ‘अच्छा’ दिवसभर तिच्या नखात काट्यासारखा सलत राही.

*

सोमवारी नवा राउटर आला.

डॉ. वर्तकबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. जुना राउटर अकरा वर्षांचा होता, दुपारच्या वेळी त्याच्यावर हात ठेववत नसे. गुरुवारपर्यंत नवा बसला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं.

काम दिसायला लहान होतं. रुग्णालयातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, जसा घराला असतो तसा. प्रयोगशाळेतलं यंत्र, एक्स-रेचं यंत्र, वॉर्डातले संगणक, प्रत्येकाला आपापला. तो नंबर कुणाला कोणता द्यायचा आणि कुणासाठी कोणता राखून ठेवायचा, हे आजवर जुना राउटर ठरवत आलेला. आता तो सगळा कारभार नव्या राउटरकडे सोपवायचा होता. नीट सोपवला तर कुणाला कळणारही नाही. चुकला तर एकाचा रिपोर्ट दुसरीकडे, नाहीतर कुठेच नाही.

“कोण करणार?” बाईंनी विचारलं.

चाचांनी कमरेची किल्ली सोडली आणि न बोलता शाल्मलीपुढे ठेवली.

तिनं ती मुठीत घट्ट धरली. मनात म्हणाली, आता बघाच.

*

बुधवारी दुपारपर्यंत तिनं जुन्या राउटरमधून सगळे राखलेले नंबर काढले. अडतीस निघाले. एकेक नव्यात भरला, दोनदा तपासला.

एक गोष्ट मात्र तिला विचित्र वाटली. नवं कुठलंही यंत्र नंबर मागायला आलं की जुना राउटर शंभराच्या पुढचाच नंबर द्यायचा. शंभराच्या खाली डझनावारी नंबर मोकळे पडलेले. पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवायच्या आणि जन्मात बाहेर काढायच्या नाहीत, तशा कपबश्या!

जुन्या माणसांची सवय, तिनं मनाशी म्हटलं, आणि नव्या राउटरला चाळीसपासून नंबर वाटायची मुभा देऊन टाकली. चाचांना विचारायची गरज तिला वाटली नाही.

संध्याकाळी ऊन उतरताना चाचा दारात आले. खांद्याला ती नेहमीची खाकी पिशवी.

“चल, एकदा फिरून येऊ. दोघं.”

“कशाला?”

“उद्या बदलायचंय ना...”

“चाचा, मी इथं खुर्चीत बसून दोन मिनिटांत सांगते कुठलं कुठलं यंत्र जागं आहे ते. हे बघा. सगळी आहेत.”

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. “आणि जे झोपलंय?”

“ते जागं होईल तेव्हा नंबर मागेल. नवा राउटर देईल.”

“मागेल?”

“मागणारच! तसा नियमच आहे.”

चाचा गुडघा चोळत उभे राहिले.

“हा पाय आज जरा दुखतोय,” ते म्हणाले. “तू बरोबर असलीस तर बरं होईल.”

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा आठवडे वणवण केली, आज खरं काम हातात आलं, तर आजही हे आपलं फिरायला चल!

“चाचा, हे फिरणं तुमच्या काळात ठीक होतं. मी इंजिनिअर आहे. वॉर्डावॉर्डांतून हिंडणं हे माझं काम नाही.”

खिडकीबाहेर शेवटची लाँच धक्क्याला लागत होती.

“अच्छा,” चाचा म्हणाले आणि एकटेच लंगडत व्हरांड्यातून निघून गेले.

*

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिनं काम सुरू केलं. ध्वनिक्षेपकावरून आधी सूचना दिली. दहा मिनिटं संगणक बंद राहतील, कुणी घाबरू नये.

सात मिनिटं पुरली.

जुन्याची तार काढली, नव्याला लावली. हिरवे दिवे लागले. अडतीसच्या अडतीस यंत्रं आपापल्या नंबरावर उभी. प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला. एक्स-रेचं चित्र आलं. बाहेर रुग्णांना बोलावणारा टोकनचा नवा फलक त्याच सकाळी बसला होता. त्यानं नंबर मागितला, त्याला अठ्ठावन्न मिळाला, आणि तो टिंग टिंग करत कामाला लागला.

डॉ. वर्तकबाई स्वतः येऊन “शाब्बास” म्हणाल्या. कुणीतरी कोकम सरबत आणलं. ताम्हणकर सिस्टर, ज्या रोज न चुकता “चाचा नाही आले?” विचारायच्या, त्यासुद्धा म्हणाल्या, “बरं झालं हो, काही कळलंच नाही आम्हाला.”

शाल्मलीनं सरबत संपवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. हे सगळं ज्यानं बघायला हवं होतं तोच माणूस नव्हता.

“चाचा कुठायत?”

“रक्ताच्या खोलीत,” सिस्टर म्हणाल्या. त्या जरा घुटमळल्या, पुढे काही बोलल्या नाहीत.

शाल्मली तिकडे गेली. ती जवळजवळ नाचतच गेली.

रक्तसाठ्याच्या खोलीत एक उंच पांढरा फ्रिज होता. त्याच्यासमोर लाकडी स्टुलावर हमजाचाचा बसले होते. आणि फ्रिजचं दार सताड उघडं होतं. गार धुकं त्यांच्या चपलांवर उतरत होतं.

“चाचा! दार...!”

चाचांनी एक बोट वर केलं. ऐक.

“काय ऐक? रक्त आहे त्यात! तीन वाजता सिझेरियन आहे, त्या बाईसाठी पिशव्या आणल्यात, त्या नासतील!”

ती दार ढकलायला धावली. चाचांनी तळहात मधे धरला. सत्तरीचा हात, पण दार जागचं हललं नाही.

“किती वाजले?”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“किती वाजले, बेटा?”

“बारा वाजून चार!”

“मी बाराला पाच कमी असताना उघडलं. पाच मिनिटांत सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजायला हवी. फ्रिज तापायला लागला की वाजते.”

“मग?”

“ऐक...”

ती ऐकू लागली. बाहेर एक लहान मूल रडत होतं. टोकनचा फलक टिंग वाजला. कुणीतरी खोकलं. पुन्हा टिंग.

घंटा नाही.

बारा वाजून सहा. बारा वाजून आठ.

घंटा नाही.

फ्रिजच्या कुशीला साबणाच्या वडीएवढी एक डबी चिकटवलेली होती. तिच्यावरचा तांबडा दिवा लुकलुकत होता. जीव तोडून ओरडणाऱ्या मुक्या माणसासारखा. डबीवर पिवळी पडलेली चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर कुणीतरी कधीतरी बॉलपेननं लिहिलेलं होतं. ५८.

ही डबी कधी नंबर मागतच नव्हती. तिचा नंबर तिच्या पोटातच कुणीतरी हातानं घालून ठेवला होता. ती जुन्या राउटरच्या यादीत नव्हती, आणि एरवी गप्प असायची, म्हणून पडद्यावरही दिसली नव्हती. ती फक्त संकटात बोलायची. आणि शाल्मलीनं सकाळी तिचाच नंबर टोकनच्या फलकाला देऊन टाकला होता. आता एका नंबराची दोन यंत्रं एकमेकांच्या पायात पाय घालून उभी होती.

मग तिची नजर फ्रिजच्या आत गेली.

फळ्या रिकाम्या होत्या.

“पिशव्या...?”

“सिस्टरनी सकाळीच बर्फाच्या पेटीत ठेवल्या. पेटीत थर्मामीटर आहे, त्या बघतायत.”

खरं तर इथं जीव भांड्यात पडायला हवा होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!”

चाचांनी दार लावलं. हळूच, झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं.

“माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात! मला शाब्बासकी घेऊ दिलीत, सरबत पिऊ दिलंत, सगळ्यांसमोर मिरवू दिलंत, आणि इथं अंधारात येऊन बसलात माझी फजिती बघायला! सरळ सांगता येत नव्हतं? माझी परीक्षा घेतलीत तुम्ही!”

चाचांनी स्टूल उचललं, भिंतीशी नेऊन ठेवलं.

“तुझी नाही,” ते म्हणाले. “फ्रिजची.”

आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेले.

*

ती तडक डॉ. वर्तकबाईंच्या खोलीत गेली. दार वाजवायचंही तिला भान राहिलं नाही.

“मॅडम, मला अशा माणसाच्या हाताखाली काम करायचं नाही! त्यांनी रक्ताचा फ्रिज उघडा टाकला होता. मुद्दाम!”

बाई कागदांवर सह्या करत होत्या. “साडेनऊला आले होते माझ्याकडे. फ्रिज रिकामा करून ठेवू का, म्हणून विचारायला. मी हो म्हटलं.”

“तुम्हालाही माहीत होतं? सिस्टरनाही? सगळ्या हॉस्पिटलला माहीत, एकट्या मला सोडून?”

“मी त्यांना विचारलं, शाल्मलीला कळवलंय का. म्हणाले, काल बोलावलं होतं.”

“काही सांगितलं नाही हो त्यांनी! एक अक्षर नाही! नुसतं चल म्हणाले, फिरून...”

तिचा तिलाच आवाज ऐकू आला, आणि वाक्य तिथंच राहिलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“शाल्मली, सिझेरियन तीनला आहे. त्याच्या आधी मला फ्रिज हवा, घंटेसकट. रागवायचं असेल तर त्यानंतर रागव.”

*

फलकाला दुसरा नंबर द्यायला तिला दोन मिनिटं लागली.

मग ती फ्रिजपाशी गेली, स्वतःच्या हातानं दार उघडलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. बोटं गार पडली. पाचव्या मिनिटाला लांबवर घंटा खणखणली आणि पाठोपाठ ताम्हणकर सिस्टर पदर खोचून धावत आल्या.

“कुणी दार उघडं टाकलंय? अक्कल आहे की नाही?”

एवढा ओरडा खाऊन कुणाला इतकं बरं वाटलं नसेल.

फ्रिज पुन्हा गार झाल्यावर पिशव्या परत फळीवर गेल्या. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

पण राग उतरला नव्हता. उलट आता तो नीट बसला होता, आच लागलेल्या चुलीसारखा. तिला एकच दिसत होतं. या म्हाताऱ्यानं आपल्याला एकदा पकडलं. पुन्हा पकडायला त्याला एक कोपरासुद्धा मिळू द्यायचा नाही.

ती फिरायला निघाली.

या खेपेला तिनं दारातून डोकं घातलं नाही. ती आत गेली, वाकली, यंत्रांच्या पाठीमागे बॅटरी मारली, धूळ नाकात घेतली. आणि “सगळं चालू ना?” हा प्रश्न तिच्या तोंडून निघेना. तिनं दुसराच विचारला.

“हे बिघडलं तर तुम्हाला कसं कळतं?”

लोक बोलायला लागले. थांबेचनात.

ऑक्सिजनच्या खोलीतला गडी म्हणाला, “दाब उतरला की घंटा होते, ताई. चार वर्षांत एकदाच झालीय. पण काल चाचा येऊन सांगून गेले, उद्या दिवसभर काट्यावर डोळा ठेव, घंटेच्या भरवशावर राहू नको. म्हणून सकाळपासून हितंच बसलोय. जेवणही हितंच आणलंय.”

काट्यामागे डबी होती. डबीवर बॉलपेननं ६१. तिनं मोबाइलवर राउटर उघडून पाहिलं. एकसष्ट नंबर सकाळीच कुणाच्या तरी फोनला गेलेला.

तिनं आधी काट्याकडे पाहिलं, दाब ठीक होता. आणि लगेच चीड. इथंही हा माणूस आधीच येऊन गेलेला!

बाळंतिणींच्या वॉर्डात न्हाणीघरात एक दोरी लोंबत होती.

“ही कसली?”

“बाई आत पडली, चक्कर आली, तर ओढते ना ती,” आया म्हणाली. “पण आज कुणाला एकटं सोडायचं नाही. चाचांनी बजावलंय. मी प्रत्येकीबरोबर जातेय, कंबर मोडली माझी.”

छताजवळ डबी होती. ७३.

अठ्ठावन्न, एकसष्ट, त्र्याहत्तर. स्टुलावर उभी राहून शाल्मली त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. अक्षर दर ठिकाणी वेगळं होतं. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन यंत्रं बसवून गेली होती. जाताना ज्याला जो सुचला तो नंबर घालून गेली होती, कुणाला न सांगता. पण सगळे शंभराच्या खाली, जिथं जुना राउटर कधी हात लावत नसे.

तिनं मोकळे म्हणून वाटून टाकलेले ते सगळे नंबर.

ती धावतच खोलीत गेली आणि नव्या राउटरला बजावलं, आजपासून शंभराच्या पुढचेच दे. सकाळपासून खाली दिलेले सगळे परत घेतले. मग पुन्हा ऑक्सिजनच्या खोलीत गेली. गड्याकडून खोलीतल्या चाचणीच्या नळीचा दाब उतरवून घेतला, घंटा ऐकली. न्हाणीघरातली दोरी स्वतः ओढली, घंटा ऐकली.

एक ओळ! एक ओळ कागदावर लिहून ठेवली असती या माणसानं तर!

ती फिरतच राहिली. शवागाराचा पहारेकरी म्हणाला, चाचांनी सांगितलंय, आज दर तासाला आत जाऊन गारवा बघ. तिथं डबी होती. औषधांच्या कोठारातला माणूस म्हणाला, चाचांनी सांगितलंय, आज खिडकीवर लक्ष ठेव, कुणी आत शिरलं तर घंटा वाजेलच असं नाही. तिथं डबी नव्हती, काहीच नव्हतं.

शेवटी ती स्वयंपाकघरात पोचली. तिथं दुधाच्या जुनाट फ्रिजपाशी स्वयंपाकीणबाई पाट टाकून बसल्या होत्या.

“तुम्ही इथं काय करताय?”

“दर अर्ध्या तासानं हात लावून बघतेय, गार आहे का. चाचा म्हणाले.”

शाल्मलीनं फ्रिज पुढून पाहिला, मागून पाहिला. भिंतीतल्या विजेच्या बटणापलीकडे त्याचा जगात कुणाशी संबंध नव्हता. नंबर नाही, डबी नाही, नेटवर्कची तार म्हणून नाही.

“अहो, याला तारच नाही!” ती ओरडली.

“मला काय ठाऊक,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बसता का जरा? मला भात उतरवायचाय.”

आणि शाल्मली त्या पाटावर बसली. रागानं लाल झालेली, दुधाच्या फ्रिजला हात लावून, भात उतरेपर्यंत.

*

सिझेरियन तीनला झालं. मुलगी झाली. आईला दोन पिशव्या रक्त लागलं, तिसरी फ्रिजमध्ये राहिली.

पाचच्या सुमाराला शाल्मली मागच्या दारानं बाहेर पडली. हमजाचाचा फणसाखालच्या बाकावर पाय पसरून बसले होते. पायजम्याची तंगडी वर करून गुडघ्याला तेल चोळत होते.

ती समोर उभी राहिली. बसली नाही.

“शंभराच्या खालचे नंबर तुम्ही मोकळे ठेवले होते.”

“हो.”

“ते कुठं लिहून का नाही ठेवलंत? मी नवी माणूस. मला कसं कळणार? आज कुणाचा जीव गेला असता तर?”

चाचांचा हात थांबला.

“ते खरं,” ते म्हणाले. “ती चूक माझी.”

ती भांडायला आली होती. समोरचं दार असं आपण होऊन उघडल्यावर क्षणभर तिला तोल सावरता येईना.

“चूक... चूक एवढीच नाही!” तिनं पुन्हा सूर पकडला. “तुम्हाला सगळं माहीत होतं. फ्रिजची घंटा वाजणार नाही हे माहीत होतं. ऑक्सिजनचं माहीत होतं. न्हाणीघराचं माहीत होतं. आणि तुम्ही मला तसंच जाऊ दिलंत.”

“नाही.”

“काय नाही?”

“मला माहीत नव्हतं.”

“खोटं बोलू नका, चाचा! मी आज सगळं हॉस्पिटल फिरून आलेय. एक खोली सोडली नाही. जिथं जाईन तिथं तुम्ही आधी माणूस बसवून ठेवलेला. ऑक्सिजनला माणूस. बायकांबरोबर माणूस. शवागारात माणूस. अहो, दुधाच्या फ्रिजला माणूस! त्याला तर तारसुद्धा नाही!”

“नाही?” चाचांनी खरोखरच कुतूहलानं विचारलं.

“नाही!”

“अच्छा...”

भरती येत होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी चढत होतं. चाचांनी बाटलीला बूच लावलं, पायजमा खाली केला.

शाल्मली मागे हटली नाही.

“माहीत नव्हतं, तर मग एवढ्या सगळ्या ठिकाणी माणसं का बसवलीत?”

हमजाचाचांनी वर पाहिलं.

“माहीत नव्हतं म्हणून.”